मुद्दल दशमांशाचं, व्याज कोणाचं?

मार्च २०२१ मध्ये जेम्स हंट्समन नावाच्या गृहस्थांनी कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयात दावा लावला. मॉर्मन चर्चला वर्षानुवर्षं दिलेला दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, परत मिळावा, ही मागणी. रक्कम ५० लाख डॉलरच्या घरात. पैसे मिळाले तर ते स्वतःकडे ठेवणार नव्हते. चर्चच्या शिकवणुकीमुळे जी माणसं बाजूला पडली, त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांना ते देऊन टाकणार, असं त्यांनी दाव्यातच लिहिलं होतं.

दशमांश चर्चला द्यावा की गोरगरिबांच्या कामाला, हा वाद एरवी उपासना सुटल्यावर अंगणात उभ्याउभ्या होतो आणि जेवणाची वेळ झाली की संपतो. इथे तो कोर्टात गेला, आणि तोही पैसे देऊन झाल्यावर. म्हणून हे प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे.

हे चर्च म्हणजे 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', ज्याला लोक मॉर्मन चर्च म्हणतात. मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. (त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धांताच्या, प्रश्नावरून अनेक चर्चेस यांना ख्रिस्ती मानायलाच तयार नसतात. तो वाद इथे नको. दशमांशाच्या बाबतीत ते बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्यायच उघडतात, जो आपल्याकडचे पाळकही उघडतात.)

हंट्समन घराणं त्या गावात सगळ्यांना माहीत. वडील जॉन हंट्समन सीनियर रसायन उद्योगातले अब्जाधीश आणि चर्चचे निष्ठावंत. सॉल्ट लेक सिटीतली कॅन्सर संशोधन संस्था त्यांच्या देणगीतून उभी राहिली आणि त्यांचंच नाव तिला आहे. भाऊ युटाचे गव्हर्नर, पुढे चीन आणि रशियात राजदूत. म्हणजे चर्चला देणं आणि दवाखान्याला देणं या दोन्ही गोष्टी ज्या घरात सवयीच्या, त्या घरातला हा मुलगा. 'द्यायचं नव्हतं म्हणून कारण काढलं' असा शेरा त्याच्यावर मारणं सोपं नव्हतं.

दशमांश घेण्याची रीत

या चर्चमध्ये दशमांश ऐच्छिक आहे, पण त्या ऐच्छिकपणाला धार आहे. संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या १८३८ सालच्या वचनानुसार सभासदाने दरवर्षी आपल्या मिळकतीचा दहावा भाग द्यायचा. वर्षाअखेरीला तो बिशपसमोर, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखासमोर, बसून पूर्ण दिला की नाही ते सांगतो. पूर्ण दशमांश न देणाऱ्याला मंदिरात जाण्याचं परवानापत्र मिळत नाही. त्यांचं मंदिर म्हणजे रविवारच्या उपासनेची जागा नव्हे. लग्नासारखे सर्वांत पवित्र विधी तिथे होतात. मुलीचं लग्न मंदिरात लागणार असेल आणि बापाने दशमांश बुडवला असेल, तर बाप बाहेर थांबतो.

गरिबांसाठी त्यांची सोय वेगळी आहे. महिन्यातल्या एका रविवारी, बहुधा पहिल्या, दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेले पैसे, जमल्यास जास्त, उपासाचं दान म्हणून द्यायचे. त्यातून बिशप आपल्या भागातल्या अडलेल्या कुटुंबाचं भाडं भरतो, किराणा भरून देतो. दानाच्या चिठ्ठीवर दशमांशाची ओळ वेगळी, उपासाच्या दानाची वेगळी, मानवतावादी मदतीची वेगळी. चर्च की धर्मादाय, या प्रश्नाला चर्चने कागदावर उत्तर देऊन ठेवलेलं आहे: दोन्ही, पण पाकिटं निराळी.

त्याच चिठ्ठीच्या तळाला बारीक अक्षरांत एक मजकूर छापलेला असतो. तुम्ही सांगितलेल्या कामासाठी पैसे वापरण्याचा प्रयत्न केला जाईल, पण दिलेलं सर्व दान चर्चच्या मालकीचं होईल आणि ते कसं खर्चायचं हे सर्वस्वी चर्च ठरवील, अशा अर्थाचा. विम्याच्या कागदावरच्या अटी आपण वाचतो तितक्याच लोकांनी तो वाचला असणार.

२००३ सालचं आश्वासन

सॉल्ट लेक सिटीत मंदिराच्या समोरच दोन जुने मॉल होते. धंदा उतरला होता, आणि मंदिराच्या दारात ओसाड बाजारपेठ नको म्हणून चर्चने ती जागा घेऊन नवं संकुल बांधायचं ठरवलं. सभासदांत कुजबुज सुरू झाली: आमच्या दशमांशातून दुकानं?

एप्रिल २००३ च्या अधिवेशनात तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंकले यांनी जाहीर खुलासा केला. ही जागा घ्यायला दशमांशाचा निधी वापरलेला नाही आणि वापरला जाणार नाही. तिच्या व्यापारी विकासासाठीही नाही. पैसा येईल तो चर्चच्या मालकीच्या व्यवसायांतून, आणि गुंतवलेल्या राखीव निधीवरच्या उत्पन्नातून.

पहिला भाग सगळ्यांनी ऐकला. शेवटचा, राखीव निधीवरच्या उत्पन्नाचा, फारसा कोणाच्या कानात राहिला नाही. सगळा खटला पुढे त्याच शब्दांवर लढला गेला.

कारण राखीव निधी येतो कुठून? हिंकले यांनीच १९९१ मध्ये सांगितलं होतं की मिळकतीतला ठरावीक हिस्सा दरवर्षी अडीअडचणीसाठी बाजूला टाकला जातो. मिळकत म्हणजे प्रामुख्याने दशमांश. आपल्याकडचं देवस्थान डोळ्यांसमोर आणा: दानपेटीतल्या पैशांची विश्वस्तांनी मुदत ठेव केली, तिच्या व्याजातून स्टँडसमोर गाळे बांधले, आणि वार्षिक सभेत सांगितलं की भक्तांचा एक रुपयाही गाळ्यांत गेलेला नाही. हिशेबनीस म्हणेल, बरोबर आहे. भक्त म्हणेल, फसवलंत. आणि दोघंही प्रामाणिक असू शकतात.

मार्च २०१२ मध्ये सिटी क्रीक सेंटर उघडलं. उघडझाप होणारं काचेचं छत, मधून वाहता ओढा, मोठमोठ्या ब्रँडची दुकानं. रविवारी दुकानं बंद. शब्बाथ पाळणारा मॉल जगात फार नसतील.

आतला माणूस

डिसेंबर २०१९ मध्ये डेव्हिड नील्सन नावाच्या गुंतवणूक व्यवस्थापकाने करखात्याकडे केलेली तक्रार वर्तमानपत्रांत आली. ते चर्चच्या 'एन्साइन पीक अ‍ॅडव्हायझर्स' या गुंतवणूक संस्थेत काम करत होते. त्यांचं म्हणणं असं: चर्चकडे वर्षाला सुमारे ७ अब्ज डॉलर दशमांश येतो, त्यातला सुमारे १ अब्ज एन्साइन पीककडे जातो आणि तिथे साठत साठत १०० अब्ज डॉलरच्या आसपास झाला आहे. संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली, करमाफी धर्मादाय म्हणून घेते, पण इतक्या वर्षांत धर्मादायावर तिने काही खर्च केलेलं नाही. पैसा बाहेर गेला तो दोन ठिकाणी: १.४ अब्ज सिटी क्रीककडे आणि ६० कोटी चर्चच्याच अडचणीत आलेल्या विमा कंपनीकडे.

चर्चने आरोप फेटाळले. पण फेब्रुवारी २०२० मध्ये एन्साइन पीकचे प्रमुख रॉजर क्लार्क वॉल स्ट्रीट जर्नलशी बोलले, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उघडावाघडा कबुलीजबाब तो आहे. गुप्तता का, तर सभासदांना वाटू नये की चर्चकडे इतकं आहे तर आपण कशाला द्यायचं. दशमांश हा चर्चच्या गरजेपेक्षा सभासदाच्या बांधिलकीचा प्रश्न आहे, असा त्यांचा सूर होता.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे म्हणणं पोकळ नाही. देवाला पैशांची गरज म्हणून आपण देत नाही, हे कुठलाही पाळक सांगेल. पण मग देणाऱ्याची बांधिलकी एवढी पवित्र असेल, तर तिला खरा आकडा का सोसणार नाही? बिशपसमोर सभासदाने आपली मिळकत प्रामाणिकपणे मोजायची, आणि सभासदासमोर चर्चने आपली झाकायची, हा एकतर्फी व्यवहार आहे.

झाकण्याचा प्रकार नुसता संकोचाचा नव्हता, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये उघड झालं. अमेरिकेच्या रोखे आयोगाने ठरवलं की एन्साइन पीकने १३ नाममात्र कंपन्यांच्या नावाने शेअर्सची विवरणपत्रं भरली, जेणेकरून एवढी गुंतवणूक एकाच मालकाची आहे हे कळू नये. २०१८ पर्यंत ही शेअर्सची गुंतवणूक ३२ अब्ज डॉलरच्या आसपास गेली होती. एन्साइन पीकला ४० लाख आणि चर्चला १० लाख डॉलर दंड झाला. तो भरून प्रकरण मिटवण्यात आलं.

चर्चची बाजू अगदीच लंगडी आहे असं मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे चर्च कर्जात बुडालं होतं. १८९९ मध्ये अध्यक्ष लोरेन्झो स्नो दुष्काळाने होरपळलेल्या सेंट जॉर्ज गावी गेले आणि दशमांश पूर्ण भरा म्हणून प्रवचनांची मोहीमच काढली; १९०७ पर्यंत कर्ज फिटलं. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस बांधकामांच्या हौसेत खर्च पुन्हा मिळकतीबाहेर गेला. अशा संस्थेला गंगाजळीचं वेड लागलं तर नवल नाही. योसेफाने मिसरात सात सुकाळी वर्षांत धान्य कोठारांत भरलं, हा दाखला ते देतात. फक्त, योसेफाने पुढे दुष्काळ पडल्यावर कोठारं उघडली होती. आणि १९५९ नंतर या चर्चने अमेरिकेत आपला खर्चाचा तपशील छापणंच बंद केलं, हेही त्याच इतिहासाचं पान.

न्यायालयांत काय झालं

हंट्समन यांचा दावा 'पैसे गरिबांना का दिले नाहीत' असा नव्हता. तसा दावा टिकलाच नसता. दशमांशातून अमुक इतकं दानधर्म करू असं चर्चने वचन दिलेलं नव्हतं. दावा फसवणुकीचा होता: तुम्ही सांगितलं मॉलमध्ये दशमांश नाही, आम्ही विश्वास ठेवून देत राहिलो, आणि तो तिथे गेला.

सप्टेंबर २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात तिघांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने मॉलपुरता दावा जिवंत केला. हिंकले यांच्या बोलण्याचा अर्थ काय घ्यायचा हे ज्यूरीने ठरवावं, असा रोख. विमा कंपनीचा मुद्दा तिथेच संपला. मग ११ न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने प्रकरण पुन्हा ऐकलं आणि ३१ जानेवारी २०२५ रोजी एकमुखाने हंट्समन हरले.

कारणांत मात्र एकवाक्यता नव्हती, आणि गंमत तिथे आहे. मुख्य निकालाचं म्हणणं साधं: चर्चने 'राखीव निधीवरचं उत्पन्न' असं स्पष्ट सांगितलं होतं, मॉलमध्ये तेच गेलं, आणि चर्चने सांगितल्यापेक्षा वेगळं काही केल्याचा पुरावा नाही. मुद्दलाला हात लागला नाही. व्याज गेलं, आणि व्याज जाईल असं सांगितलेलं होतं. काही न्यायाधीशांनी मात्र वेगळं लिहिलं. त्यांच्या मते एवढ्या खोलात जायलाच नको होतं. दशमांश म्हणजे काय, त्यात त्याचं उत्पन्न मोडतं की नाही, हे धर्माचे आतले प्रश्न आहेत आणि सरकारी न्यायाधीशाने ते सोडवू नयेत.

मला पहिला मार्ग जास्त पटतो. 'हा धर्माचा विषय' म्हटल्यावर दार बंद होणार असेल, तर धर्माच्या नावाने उघड खोटं बोलणाऱ्यालाही तेच दार मिळतं. मुख्य निकालाने निदान चर्चचे शब्द तपासले आणि मग त्याला सोडलं. इतर सभासदांनी लावलेले सामूहिक दावे २०२४ मध्ये युटाच्या न्यायालयात एकत्र केले गेले होते. एप्रिल २०२५ मध्ये ते मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळले गेले.

दरम्यान चर्चने मदतकार्याचे आकडे दरवर्षी छापायला सुरुवात केली: २०२२ साठी १.०२ अब्ज डॉलर, २०२३ साठी १.३६, २०२४ साठी १.४५. यांत उपासाचं दान, धान्य, मानवतावादी कामं असं सगळं धरलेलं आहे. खटला हरलेल्या माणसाने आणि नोकरी सोडलेल्या व्यवस्थापकाने एवढं तरी साधलं, असं म्हणायला हरकत नाही. चर्च अर्थातच तसं म्हणत नाही.

शास्त्राचा आधार घेणारे दोन्हीकडचे

चर्चच्या बाजूचे लोक मलाखी ३:१० काढतात: सगळा दशमांश भांडारात आणा. भांडार म्हणजे आजचं चर्च, आणि तिथे दिलं की आपलं काम संपलं. पण त्याच वचनात पुढे कारण दिलेलं आहे, मंदिरात अन्न असावं म्हणून. त्या भांडारावर लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारा वंश, जेवत होते, ज्यांना वाट्याची जमीन नव्हती. बायबलच्या गणना या पुस्तकात, १८ व्या अध्यायात, दशमांश त्यांच्या वतनाऐवजी दिलेला आहे. म्हणजे आजच्या पाळकाचा पगार दशमांशातून देण्याला आधार भक्कम आहे. राखीव निधीतून मॉल बांधण्याला तो ओढूनताणून आणावा लागतो.

धर्मादायवाले अनुवाद या पुस्तकाचा १४ वा अध्याय दाखवतात. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायचा, आणि तिथला लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांनी तो खाऊन तृप्त व्हायचं. इथे पाळक आणि विधवा एकाच ताटावर बसलेत. जे आज 'चर्च की धर्मादाय' असा फाटा पाडतात, त्यांना हा उतारा अडचणीचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. 'पाळकाला एक पैसा नको, मी थेट अनाथाश्रमाला देतो' म्हणणाऱ्यालाही लेवीचं नाव त्या यादीत पहिलं दिसतं.

प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, दर आठवड्याला बाजूला ठेवायला सांगितलेली वर्गणी दशमांश नव्हती. ती यरुशलेमच्या गरजूंसाठी होती. आणि त्यातलं एक बारीक कलम फारसं कोणी वाचत नाही: पैसे घेऊन कोण जाणार ती माणसं करिंथकरांनी स्वतः पसंत करायची होती. एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी आपल्याला दोष देऊ नये याची काळजी पौलाने दुसऱ्या पत्रातही बोलून दाखवली आहे. देणाऱ्यांचे प्रतिनिधी पैशांबरोबर गेले. हंट्समन यांना खरं तर एवढंच हवं होतं, असं प्रकरण वाचताना वाटत राहतं. धर्मादाय संस्थांना पैसे देण्याची मागणी ही रागातून आलेली पुढची पायरी होती.

हेच महाराष्ट्रात घडलं असतं तर

अमेरिकेत चर्चला दिलेलं दान आणि दवाखान्याला दिलेलं दान करासाठी एकाच खान्यात मोडतं, आणि इतर संस्थांना जी वार्षिक विवरणपत्रं भरावी लागतात त्यांतून चर्चला सूट आहे. वजावट धर्मादायाची, पडदा धर्माचा. एन्साइन पीक वाढलं ते या फटीत.

आपल्याकडे फट इतकी रुंद नाही. अहिल्यानगरपासून पुण्या-मुंबईपर्यंत ज्या मराठी चर्चेसमध्ये दशमांश घेतला जातो, त्यांचे ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. देऊळ, चर्च, शाळा, सगळे एकाच कार्यालयात. लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी भरायचे. शिल्लक पैसा बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवायचा, अन्यत्र गुंतवायचा तर कलम ३५ खाली परवानगी. जमीन विकायची तर कलम ३६. आणि आयकराची माफी हवी असेल तर उत्पन्नातला ८५ टक्के भाग उद्दिष्टासाठी खर्च करायचा, किंवा कारण सांगून ठरावीक वर्षांपुरताच साठवायचा. बावीस वर्षं साठवत राहण्याची सोय त्यात बसत नाही. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यातली ८०जी ची, म्हणजे देणगीवरची, वजावट मुळात धर्मादायासाठी. निव्वळ धार्मिक कामाच्या ट्रस्टला दिलेल्या दशमांशावर ती मिळत नाही, आणि ८०जी असलेल्या संस्थेलाही धार्मिक खर्च ५ टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो. देणाऱ्याला आपलं पाकीट कुठलं आहे हे पावतीवरूनच कळतं.

दिलेला दशमांश परत मिळवणं इथेही जवळजवळ अशक्य. दान एकदा केलं की ते विश्वस्त निधीत जमा. पण कलम ५० खाली, हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती आयुक्तांच्या संमतीने हिशेब मागण्यासाठी, विश्वस्त हटवण्यासाठी दावा लावू शकतात. हंट्समन यांना मिळालं नाही ते हे: पैसे परत न मागता नुसता हिशेब मागण्याची वाट.

कायदा कागदावर आहे म्हणून हिशेब उघडे आहेत, असा मात्र याचा अर्थ नाही. चर्चच्या जमिनींचे तंटे वर्षानुवर्षं चालतात हे कोणालाही ठाऊक आहे. आणि हा सगळा बंदोबस्त नोंदणीकृत ट्रस्टपुरता. भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एखाद्या स्वतंत्र फेलोशिपमध्ये दानार्पणाच्या वेळी पडद्यावर क्यूआर कोड येतो. पैसे पाठवण्याआधी मोबाइलवर खातेदाराचं नाव उमटतं. ते ट्रस्टचं आहे की पाळकाचं स्वतःचं, हे तिथेच वाचता येतं, आणि पाळकाचं असेल तर वर सांगितलेल्या कलमांपैकी एकही सहजी हाताशी येत नाही.